रेड झोन जमिनीवर, पाणी जमिनीखाली

देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांची रेघ आहे. दिघीच्या कोठाराभोवती ती १,१४५ मीटरची. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘रेड झोनमध्ये नाही ना?’ हाच असतो. या रेघेवरून मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, दर निवडणुकीत आश्वासनं दिली गेली. रेघेमागचा कायदा १९०३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. कोठारात स्फोट झालाच तर हादरा आणि तुकडे कुठवर पोचतील, याचा तो हिशेब. लष्करी जागेपासून शेजाऱ्याला असलेला धोका मोजता येतो, नकाशावर काढता येतो आणि त्यापायी शेजाऱ्याच्या मालकीहक्काला मुरडही घालता येते, हे आपण सव्वाशे वर्षं धरून चाललो आहोत.

पण हा सगळा हिशेब जमिनीच्या वरचा. खाली काय चाललंय त्याला रेघ नाही.

लष्करी तळ, दारूगोळ्याचे कारखाने, इंधनाची कोठारं, लढाऊ विमानांचे विमानतळ अशा जागांभोवतीचं भूजल जिथे जिथे नीट तपासलं गेलं, तिथे ठरावीक नावं पुन्हा पुन्हा निघाली. यंत्रांचे सुटे भाग धुण्याचं ट्रायक्लोरोइथिलीन. पुरलेल्या टाक्यांतून आणि नळांतून झिरपलेलं इंधन. आरडीएक्स, टीएनटी. अग्निबाणाच्या घन इंधनाला ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट. आणि अलीकडे ज्याने भल्याभल्यांची झोप उडवली तो आग विझवण्याचा फेस. त्यातली पीफास कुळातली रसायनं निसर्गात जवळजवळ तुटतच नाहीत. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये त्यांतल्या दोन प्रमुख रसायनांना पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम एवढीच मर्यादा घातली. यांतलं बरंचसं इतक्या थोड्या प्रमाणात अपाय करतं की रंग, वास, चव काहीच कळत नाही. पोहऱ्यातून ओंजळीत घेतलं तर पाणी नितळच दिसतं.

असं पाणी बिघडलं की ते साफ करण्याचा आराखडा कोणीतरी तयार करतं. बहुतेक वेळा ज्याने बिघडवलं तोच. मग तो आराखडा तपासतो कोण, ‘हे चालणार नाही’ असं लिहून परत पाठवण्याची त्या तपासणाऱ्याची हिंमत आणि अधिकार किती, आणि शेजारच्या गावाला त्यातलं काय वाचायला मिळतं, हा या लेखाचा विषय आहे.

तो मुळशीतून पाहण्याचं कारण सांगतो. मुळशीतली अमुक विहीर लष्करामुळे बिघडली, असा आरोप इथे नाही. पण तालुक्याच्या पूर्व वेशीपलीकडे पाषाण-सुतारवाडीला स्फोटकं आणि शस्त्रास्त्रं यांच्या दोन मोठ्या संरक्षण प्रयोगशाळा आहेत. आग्नेयेला एनडीए या लष्करी प्रबोधिनीचा विस्तीर्ण परिसर. मुळेच्या काठाने खाली गेलं की खडकीला १८६९ चा दारूगोळा कारखाना आणि १९४० चा उच्च स्फोटकांचा कारखाना. उत्तरेला देहूरोड. मधल्या पट्ट्यात भूगाव, भुकूम, बावधन, सूस, हिंजवडी, म्हणजे विहिरी, बोअर आणि टँकर यांच्यावर तगलेली नवी वस्ती. वीस वर्षांपूर्वी जिथे भातखाचरं होती तिथे आज पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांचं पाणी कुठून येतं हे त्यांत राहणाऱ्यांना सांगता येत नाही. भौगोलिक खरं सांगायचं तर मुळशी वरच्या अंगाला आहे. खडकीचं पाणी काही उलटं चढून पौडला येणार नाही. पण टँकरला चढ-उतार नसतो. तो जिकडे मागणी तिकडे जातो.

दुसरं कारण दगडाचं आहे.

अमेरिकेतल्या केप कॉडला एक जुना लष्करी तळ आहे. तिथली जमीन वाळूची. तोफांच्या सरावातून आणि टाकाऊ दारूगोळ्यातून उतरलेली स्फोटकं आणि परक्लोरेट तिथल्या वाळूतून एका दिशेने, जवळजवळ ठरल्या चालीने सरकली. त्या भागाला पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोतच नसल्यामुळे १९९७ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने लष्कराचा जिवंत दारूगोळ्याचा सरावच थांबवला. एका नागरी खात्याने, पिण्याच्या पाण्याच्या कायद्याखाली, सैन्याला ‘गोळीबार बंद’ म्हणून सांगितलं! आपल्याकडे हे वाक्य उच्चारूनही पाहावं, जीभ अडखळते. पण मुद्दा वाळूचा. वाळूत प्रदूषणाचा लोट कुठवर गेलाय हे ओळीने निरीक्षण विहिरी खणून काढता येतं.

आपल्याकडे दख्खनचा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक ओतले गेले. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, खालचा घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या गेरूची पट्टी. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, पोकळ्यांत आणि भेगांत. विहीर खणणाऱ्यांना हे पाठ असतं. एकाच्या शेतात चाळीस फुटांवर उमाळा फुटतो आणि बांधापलीकडचा दोनशे फूट बोअर मारून धुरळा काढतो. पाणी असं भेगेभेगेने जात असेल तर पाण्यातलं विषही भेगेभेगेने जाणार. ते शेजारची विहीर सोडून अर्धा किलोमीटर लांबच्या विहिरीत निघू शकतं. म्हणून कुठल्याही शुद्धीकरण आराखड्यात ‘आम्ही सहा बोअर घेतले, पाच स्वच्छ निघाले’ असं वाक्य आलं तर वाळूच्या प्रदेशात त्याचा जो अर्थ होतो तो आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न असायला हवा : ते पाच बोअर कुठल्या थरात, कुठल्या भेगेत? पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅमसारख्या संस्था वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या आहेत, की आधी भूजलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, ओळखा, मग विहिरी मोजा.

बेसाल्टवर, म्हणजे अशा लाव्ह्याच्या खडकावर, हा प्रश्न किती अवघड होतो याचा धडा हवाईत मिळाला. होनोलुलूजवळ रेड हिल नावाच्या डोंगराच्या पोटात अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनाच्या वीस प्रचंड टाक्या बांधल्या. डोंगर लाव्ह्याचा. टाक्यांच्या तळाखाली साधारण शंभर फुटांवर शहराला पाणी पुरवणारा भूजलसाठा. २०१४ मध्ये एका टाकीतून २७ हजार गॅलन इंधन गळालं. त्यानंतर केंद्रीय पर्यावरण संस्था, हवाई राज्याचं आरोग्य खातं आणि नौदल यांच्यात २०१५ मध्ये लेखी करार झाला : टाक्या सुधारायच्या, भूजल कसं वाहतं याचं प्रारूप बनवायचं, नियामकांनी ते तपासायचं. वर्षं गेली. अहवाल आले, शेरे गेले, सुधारित अहवाल आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलाच्या वसाहतीतल्या घरांत नळाला इंधनाचा वास यायला लागला. त्या नळयोजनेवर ९३ हजार माणसं होती.

पुढचं जास्त सांगण्यासारखं आहे. ६ डिसेंबर २०२१ रोजी राज्याच्या आरोग्य खात्याने नौदलाला आणीबाणीचा आदेश काढला : साठवण थांबवा, टाक्या रिकाम्या करण्याची तयारी करा. नौदलाने आधी आक्षेप घेतला. मार्च २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनीच कोठार कायमचं बंद करायचा निर्णय जाहीर केला, आणि २०२४ पर्यंत टाक्यांतलं इंधन निघालं. भूजलाच्या वहनाचं नौदलाचं प्रारूप नियामकांनी नामंजूर केलं. नेमकी हीच जागा पाहण्यासारखी. गळती झाली तर इंधन कुठे जाईल, हा प्रश्न प्रारूपाने सोडवायचा होता आणि उत्तर ज्याने द्यायचं त्याचाच त्या उत्तरात सगळ्यात मोठा स्वार्थ होता. समोर ते समजून वाचणारा, आणि न पटल्यास तसं लिहिणारा भूजलतज्ज्ञ सरकारी पगारावर बसलेला होता. तो असूनही दुर्घटना टळली नाही, हेही तेवढंच खरं. परीक्षणाला तलवारीची धार नसते. पण दुर्घटनेनंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय कोणालाच उरली नाही, कारण सगळे शेरे कागदावर होते आणि तो कागद लोकांना पाहायला मिळत होता.

आपल्या देशात संरक्षण नव्हे, पण त्याच्या सख्ख्या शेजारचं एक उदाहरण आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात, आलुव्याजवळ कीळमाड गावी इस्रोचा अमोनियम परक्लोरेटचा कारखाना आहे. तिरुअनंतपुरमच्या एनआयआयएसटी या राष्ट्रीय प्रयोगशाळेने आसपासच्या विहिरींचं पाणी तपासलं, तेव्हा काही विहिरींत परक्लोरेट लिटरमागे हजारो मायक्रोग्रॅमच्या घरात निघालं. तुलनेसाठी : अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने पिण्याच्या पाण्यासाठी लावलेली मर्यादा २ मायक्रोग्रॅम आहे. परक्लोरेट शरीरात गेलं की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. पुढे त्याच प्रयोगशाळेने जिवाणूंकडून परक्लोरेट तोडून घेणारी यंत्रणाही विकसित केली. म्हणजे शोधणारे हात आपल्याकडे आहेत, उपाय करणारेही आहेत. कमी आहे ती मधल्या माणसाची, जो हुद्द्याने विचारू शकेल : किती विहिरी, किती वर्षांत, कुठल्या पातळीपर्यंत, आणि ती पातळी गाठली हे ठरवणार कोण?

आणि आधी पातळी तरी हवी. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, आर्सेनिक आहे, नायट्रेट आहे, कीटकनाशकं आहेत. परक्लोरेट नाही, आरडीएक्स नाही. जे मानकात नाही ते तपासणीच्या फॉर्मवर येत नाही, आणि जे फॉर्मवर नाही ते अहवालात ‘आढळले नाही’ या सदरात मुकाट्याने जाऊन बसतं.

गावात हे कसं दिसतं ते पाहायचं तर ग्रामपंचायतीच्या कपाटातली पाणी तपासणीची पेटी उघडायची. जलजीवन मिशनमधून गावोगावी पाच-पाच बायांना ही पेटी वापरायला शिकवलं गेलं. आत छोट्या कुप्या, थेंब टाकायच्या बाटल्या, रंग जुळवायचा पुठ्ठा. सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेलं क्लोरीन. शिवाय जंतूंसाठी वेगळी कुपी. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, दिवस-दोन दिवसांत ते काळं पडलं की समजायचं पाणी दूषित. मग जलसुरक्षक टीसीएल ही जंतुनाशक पावडर घेऊन विहिरीवर जातो. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची स्वच्छतेच्या अंगाने पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. सरपंच हिरवं कार्ड कार्यालयात लावून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. हगवण-काविळीने माणसं मरायची तो काळ फार जुना नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हाही विहिरी, टँकर आणि खासगी आरओ प्रकल्प यांच्या तपासण्यांची धावपळ झाली ती जंतूंसाठीच. पण या पेटीला ट्रायक्लोरोइथिलीन दिसत नाही. हिरव्या कार्डाला पीफास कळत नाही. टीसीएल टाकल्याने परक्लोरेटचा एक कणही हलत नाही.

पेटीवर राग काढायचं कारण नाही. ती ज्या कामासाठी आहे ते काम ती करते. प्रश्न आहे तिच्या वरच्या पायरीवर कोण आहे.

कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर पायऱ्या पुष्कळ आहेत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये केला आणि आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर १९७० पासून आहे. केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या करताना नदी-नाल्यांबरोबर भूगर्भातलं पाणीही धरलं आहे. म्हणजे नदीत घाण सोडायला जी बंदी, तीच जमिनीखालच्या पाण्याला. कलम २५ खाली सांडपाणी सोडणाऱ्याने मंडळाची संमती घ्यायची, त्यात संरक्षण खात्यासाठी वेगळी पळवाट लिहिलेली नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठही पुण्यात. मुळशीकराला दाद मागायला फार लांब जावं लागत नाही, एवढं सुख आहे.

भूजल साफ करून देण्याची जबाबदारी बिघडवणाऱ्याची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बिछडीच्या खटल्यात पक्कं केलं. उदयपूरजवळच्या या गावात एच-ॲसिड नावाचं रंगद्रव्यातलं रसायन बनवणारे कारखाने जेमतेम वर्षभर चालले. ३७५ टन माल निघाला आणि मागे २,४४० टन विषारी गाळ राहिला. विहिरींचं पाणी तांबूस-काळं झालं. न्यायालयाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला अभ्यासाला बसवलं, खर्च ३७ कोटी ३८ लाख रुपयांच्या आसपास धरला आणि तो कारखानदारांनी भरावा असं सांगितलं. त्यांनी अर्जांवर अर्ज करून तो लांबवला. २०११ मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासकट भरा म्हणून पुन्हा बजावलं. वर्षभराच्या उत्पादनासाठी वीस-बावीस वर्षांचा खटला! आणि समोर तर खासगी मालक होते, ज्यांच्या बाजूने राष्ट्रीय सुरक्षा नव्हती.

ती मध्ये आली की पायऱ्या एकेक करून गळायला लागतात. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहेच. माहिती अधिकाराच्या दुसऱ्या अनुसूचीत डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आहे, म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडले तर तिच्या प्रयोगशाळांना माहिती द्यायचं बंधन नाही. यांतल्या प्रत्येक तरतुदीला तिचं स्वतःचं कारण आहे आणि कुठली स्फोटकं किती साठवली आहेत हे चव्हाट्यावर यावं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण कोठारात काय आहे हे गुपित आणि विहिरीत काय आहे हे गुपित, यांत फरक करायला आपण शिकलेलोच नाही. पहिलं देशाचं. दुसरं त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईचं, आणि तिच्यापासून ते लपवायचा अधिकार कुठल्याच खात्याला असू नये, असं माझं मत आहे.

अमेरिकेतही हे शहाणपण सहज आलं नाही. लष्करी तळांसह सगळ्या सरकारी जागांना प्रदूषणमुक्तीचा कायदा खासगी कंपन्यांसारखाच लागू होतो, हे १९८६ मध्ये स्पष्ट लिहावं लागलं. धोकादायक कचऱ्याच्या बाबतीत राज्यं केंद्राच्या तळांनाही दंड करू शकतात, हे १९९२ मध्ये. आणि त्याआधी कॅम्प लजून होऊन गेलं होतं. उत्तर कॅरोलिनातल्या या मरीन तळावर १९५३ ते १९८७ या काळात सैनिकांची कुटुंबं द्रावकं मिसळलेलं पाणी पीत होती. आज ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. तिथे १९८२ मध्ये एका नमुन्यात ते १,४०० निघालं. सगळ्यात वाईट विहिरी बंद व्हायला १९८५ उजाडलं. भरपाईचा दावा करता यावा असा कायदा झाला २०२२ मध्ये. तिथे पाणी प्यायले ते शत्रूचे नागरिक नव्हते, त्याच सैन्यातल्या जवानांची बायका-मुलं होती. भूजलाची काळजी घेतल्याने सैन्याचं खच्चीकरण होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. कुंपणाच्या आतले लोकच आधी ते पाणी पितात.

आपल्याकडे दोन अलीकडच्या घडामोडींनी चित्र थोडं हललं आहे. त्यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

पहिली १ ऑक्टोबर २०२१ ची. त्या दिवशी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचे दोन्ही कारखाने आणि देहूरोडचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले, आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. चर्चा झाली ती कामगारांच्या नोकऱ्यांची. पण पर्यावरणाच्या कायद्याच्या नजरेने पाहिलं तर कारखाना ‘शासनाचा विभाग’ राहिला नाही, ‘कंपनी’ झाला. या दोघांसाठी कायद्यात कलमं वेगळी आहेत. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बऱ्याच शिक्षा दंडावर आणल्या : सर्वसाधारण उल्लंघनाला १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत, आणि शासकीय विभागाकडून चूक झाली तर विभागप्रमुखाचा एक महिन्याचा मूळ पगार. एक महिन्याचा पगार! भूजलधर एकदा बिघडला तर पिढी जाते. कंपनी झाल्यामुळे निदान ती पगाराची सवलत तरी या कारखान्यांना उरली नाही.

दुसरी घडामोड जुलै २०२५ ची. केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. देशात १०३ जागा प्रदूषित म्हणून नोंदल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू होतं ते फक्त सात ठिकाणी. नव्या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. यादीतल्या १८९ रसायनांपैकी काही मर्यादेबाहेर निघालं तर जागा जाहीर करून वावर रोखायचा, तज्ज्ञ संस्थेकडून शुद्धीकरणाचा आराखडा घ्यायचा, जबाबदार कोण ते ठरवायचं आणि खर्च त्याच्या माथी मारायचा. पंधरा वर्षं रखडलेलं काम एकदाचं कागदावर आलं, ही मोठी गोष्ट आहे.

मात्र दोन छिद्रं डोळ्यांत भरतात. एक, तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, पण सफाई कधी पुरी व्हायची याला नाही. दुसरं, किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातलं तेल आणि घनकचऱ्याचे डेपो या नियमांतून वगळले आहेत. पुणे जिल्ह्यात भूजल बिघडल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं ठिकाण कुठलं? उरुळी देवाची आणि फुरसुंगी. शहराच्या कचऱ्याचा काळा रस झिरपून तिथल्या विहिरी गेल्या, लोक टँकरवर आले, आंदोलनं करून थकले. ते ठिकाण या नियमांच्या दारातच अडतं. कचऱ्यात वेगळं विषारी रसायन मर्यादेबाहेर मिसळलंय असं सिद्ध झालं तरच आत येणार. हे सिद्ध करणार कोण, हा प्रश्न आलाच.

बाकी सगळं त्या आराखड्याच्या वाचनावर येऊन थांबतं. चांगला वाचणारा काय पाहतो त्याचं एकच उदाहरण देतो. न्यू मेक्सिकोतल्या कर्टलंड हवाई तळावर पुरलेल्या इंधनवाहिनीची गळती १९९९ मध्ये सापडली. ती किती दशकं चालू होती आणि किती इंधन गेलं यावर अजून वाद आहे. इंधनातलं एथिलीन डायब्रोमाइड अल्बुकर्क शहराच्या विहिरींच्या दिशेने सरकत होतं. ते पाणी उपसून, कोळशातून गाळून परत जमिनीत सोडायला सुरुवात झाली. मधल्या काळात शहराने भूजलाचा उपसा कमी करून नदीचं पाणी घेतलं. भूजलाची पातळी वर आली. कोणालाही आनंद व्हावा अशी गोष्ट. पण पातळीवर तरंगत असलेलं आणि खडकाला चिकटलेलं इंधन पाण्याखाली गेलं, आणि जुन्या निरीक्षण विहिरी चुकीच्या खोलीवर उरल्या. नियामक असलेल्या राज्य सरकारला आराखड्यातल्या विहिरींचा प्रश्न नव्याने काढावा लागला.

तिथे जे काही दशकांत झालं ते मुळशीत दर वर्षी होतं. वैशाखात तळाला तांब्या जेमतेम बुडेल एवढं पाणी आणि श्रावणात काठावरून हात घालून घ्यावं एवढं. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. ‘एवढ्या पावसात सगळं धुऊन जातं’ हा आपल्याकडचा लाडका समज. पाऊस वरची घाण धुतो हे खरं, पण तिच्यातली काही तो खाली घेऊन जातो, आणि पातळी चढता-उतरताना ती खडकाच्या पंधरा-वीस फुटांच्या पट्ट्याला फासून ठेवतो. अशा ठिकाणी ऑक्टोबरातला एकच नमुना घेऊन ‘पाणी स्वच्छ’ म्हणणारा आराखडा परत पाठवला पाहिजे. मे महिन्यातला नमुना मागितला पाहिजे, पहिल्या मोठ्या पावसानंतरचा मागितला पाहिजे. हे सांगायला परदेशी सल्लागार लागत नाही. मुळशीतली कुठलीही म्हातारी सांगेल की तिच्या विहिरीच्या पाण्याची चव मृगानंतर बदलते.

याच मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तेव्हाही जमीन कोणाची, पाणी कोणाचं आणि देशाच्या गरजेच्या नावाखाली कोणाला विचारायचं नाही, हाच वाद होता. धरण झालं. गावं बुडाली. पण विचारलं गेलं, आणि ते विचारणं अजून लोकांच्या लक्षात आहे.

आज विचारायचं असेल तर वाट साधी आहे आणि ती या तालुक्यातल्या कोणालाही खुली आहे. माहिती अधिकारातून सूट आहे ती डीआरडीओला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला नाही, भूजल सर्वेक्षण यंत्रणेला नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाला नाही आणि म्युनिशन्स इंडिया कंपनीलाही नाही. सुरक्षेचं कारण पुढे केलं गेलं तर त्याच कायद्याच्या कलम ८(२) कडे बोट दाखवा : जनहित मोठं असेल तर गुपिते कायदाही आड येत नाही. दारूगोळ्याचं काही विचारू नका. तीनच गोष्टी मागा. आपल्या भागातल्या संशयित प्रदूषित जागांचा जिल्ह्याने दिलेला सहामाही अहवाल. कुंपणाबाहेरच्या विहिरींचे तपासणी अहवाल, नमुना घेतल्याच्या तारखेसह. आणि त्या तपासणीत कोणती रसायनं शोधलीच गेली नाहीत त्यांची यादी. अर्जाला दहा रुपये फी लागते, आणि उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस आहेत.